म्युऑन खरंच जास्त जगतो का?

गैरसमज : वेगामुळे काळ मंदावतो हे नुसतं कागदावरचं गणित.

वस्तुस्थिती : डोंगरावर यंत्र ठेवून हे मोजलं गेलं, त्यालाही आता साठ वर्षं उलटली. वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळले की त्यातून पुढे म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. तरी ते कित्येक किलोमीटर उतरून जमिनीपर्यंत येतात.

फ्रिश आणि स्मिथ या दोघांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर सुमारे १,९०० मीटर उंचीवर मोजणी केली. निष्कर्ष १९६३ मध्ये छापून आले. वर अडीच फूट लोखंड, खाली कण शिरला की चमकणारं प्लॅस्टिक. लोखंड भेदून नेमका त्या प्लॅस्टिकमध्ये थांबेल तोच म्युऑन मोजायचा, म्हणजे सगळे साधारण एकाच वेगाचे मिळतात. थांबताना एक चमक, मरताना दुसरी. तासाला ५६३ सापडले. मग तीच मोजणी समुद्रसपाटीला. मधली हवा कणांना जेवढी अडवते, तेवढं लोखंड मात्र कमी केलं. (अशा प्रयोगांत सगळी अक्कल अशा ठिकाणी लागते.) तिथवर उतरायला ६.४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ तीन आयुष्यं. जेमतेम तीसेक उरायला हवे होते. उरले ४०८.

गैरसमज : म्हणजे म्युऑनला जास्त आयुष्य मिळालं.

वस्तुस्थिती : त्याच्या पदरात काहीच जादा पडलं नाही. आपल्या घड्याळात ६.४ मायक्रोसेकंद झाले तेव्हा त्याच्या घड्याळात जेमतेम ०.७ झाले होते. एवढ्या वेळात एवढा डोंगर उतरला कसा? त्याच्या दृष्टीने डोंगरच त्याच्या अंगावर धावत येत होता, आणि धावत्या डोंगराची उंची होती फक्त २२० मीटरच्या आसपास. आपण म्हणतो काळ ताणला, तो म्हणेल अंतर आखडलं. मोजणी दोघांचीही तीच, ४०८.

गैरसमज : समोरासमोर येणारे दोन कण प्रत्येकी प्रकाशाच्या ०.९ पट वेगाने धावत असतील, तर एकाला दुसरा १.८ पट वेगाने येताना दिसतो.

वस्तुस्थिती : बाजूला उभं राहून पाहणाऱ्याला त्यांच्यातलं अंतर १.८ पट वेगाने घटताना दिसेल. त्यात गैर काही नाही, कारण त्या वेगाने कोणतीच वस्तू धावत नाही. पण एका कणावर बसून दुसऱ्याचा वेग मोजायचा तर नुसती बेरीज चालत नाही. दोन वेगांचा गुणाकार ०.८१, त्यात एक मिळवायचा आणि १.८ ला त्या १.८१ ने भागायचं. उत्तर ०.९९४. ताशी ६० किलोमीटरने समोरासमोर येणाऱ्या दोन लोकलनाही हाच नियम लागू आहे. फक्त तिथे १२० मधून जे कमी होतं, ते सेकंदाला अणूच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढं.