पोलादाची जाडी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची आई घरी आली. मुलगा दोन वर्षांपूर्वी सैन्याच्या चिलखती दलात भरती झाला. त्याचे शिक्षण नगरला पार पडले आणि आता तो रणगाडा चालवतो. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत बाईंनी मूळ प्रश्न विचारला : “गुरुजी, त्या गाडीचा पत्रा किती जाड असतो हो?”

मी मराठीचा शिक्षक. तरीही ‘चौकशी करून सांगतो’ असे म्हणालो आणि त्या दिवसापासून या विषयाच्या मागे लागलो. जे हाती आले त्यातले काही येथे मांडतो. आपल्या पुष्कळ घरांतली मुले आज सैन्यात आहेत, तेव्हा हा प्रश्न एकट्या त्या माउलीचा नसावा.

जाडीचा हिशेब आम्हां बऱ्हाणपूरकरांना तसा परका नाही. खांडव्याच्या वाटेवर असीरगड उभा आहे. एकाआत एक अशा तीन तटबंद्या त्याने अंगावर घेतल्या आहेत. अकबराच्या तोफा त्याच्यापुढे महिनोन्‌महिने थकल्या. १६०१ च्या जानेवारीत किल्ला पडला, तो तोफांपेक्षा सोन्याच्या मोहरांनी, असे इतिहासकार सांगतात. परंतु तोफा सुधारत गेल्या आणि १८१९ साली इंग्रजांनी हाच गड काही आठवड्यांच्या वेढ्यात घेतला. भिंत जाड करावी, तर तोफ मोठी व्हावी. तोफ मोठी झाली, की भिंतीने नवी युक्ती काढावी. रणगाड्याची सारी कथा याच शर्यतीची आहे. फरक एवढाच, की ही भिंत चालती आहे आणि तिच्या आत तीनचार माणसे बसलेली आहेत.

चालती असल्यामुळेच ती सगळीकडून जाड करता येत नाही. तशी केली, तर तिचे वजन कोणता पूल पेलणार आणि कोणते शेत? म्हणून रणगाड्याचे पोलाद वाटून दिलेले असते. तोंडाशी सर्वांत जाड, बाजूंना पातळ, पाठीला आणि माथ्याला त्याहून पातळ. १९६५ साली पाकिस्तानकडे असलेला अमेरिकी पॅटन रणगाडा घ्या. वजन सुमारे ४५ टन, पुढचे पोलाद सुमारे ४ इंच, आणि माथा जेमतेम इंचभर. शिवाय पुढचा पत्रा उभा नसून मागे कललेला. काकडीचा तिरका काप सरळ कापापेक्षा लांब निघतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तसाच समोरून येणाऱ्या गोळ्याला कललेल्या पत्र्यातून लांबचा रस्ता काटावा लागतो. उभ्या रेषेपासून ६० अंश कलवला, की ४ इंचांचे ८ इंच होतात.

असा हा पॅटन अजिंक्य समजला जात असे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर या गावी ती समजूत मोडली. आपल्या बाजूला जे तीन रिसाले होते, त्यांपैकी डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन रणगाडे होते. त्या रिसाल्याचे नेतृत्व करीत होते लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य. समोरासमोर पॅटनच्या तोंडावर गोळे झाडणे म्हणजे खडकावर डोके आपटणे होते. म्हणून आपली फळी घोड्याच्या नालेच्या आकारात, उसाच्या उभ्या पिकात दडवून ठेवण्यात आली. शेतांत पाणी सोडले होते. पॅटन आत शिरले, चिखलाने मंदावले, वळू लागले, आणि वळताना त्यांची पातळ कूस समोर आली. बंदुका तोवर गप्प होत्या. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत ९७ पाकिस्तानी रणगाडे उद्ध्वस्त झाले किंवा हाती लागले, अशी आपली आकडेवारी सांगते. पकडलेले रणगाडे भिक्खीविंडजवळ रांगेने उभे केले, त्या जागेला लोकांनी ‘पॅटननगर’ नाव दिले. वैद्यांना महावीरचक्र मिळाले. सहा वर्षांनी बसंतरच्या आघाडीवर १६ व्या चिलखती ब्रिगेडचे नेतृत्व करून त्यांनी दुसऱ्यांदा ते मिळवले. पुढे १९८३ ते १९८६ ते लष्करप्रमुख होते, आणि निवृत्तीनंतर काही महिन्यांतच, १० ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. रणगाड्यात दोन युद्धे काढलेला सेनानी शेवटी उघड्या रस्त्यावर साध्या मोटारीत गेला.

असल उत्तरचे दुसरे नाव म्हणजे चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद. त्यांच्याकडे रणगाडा नव्हताच. एक जीप होती आणि तिच्यावर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. (गंमत अशी, की तिच्या नळीचा व्यास खरे तर १०५ मिलिमीटरच आहे, जुन्या १०५ च्या गोळ्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून नाव १०६ ठेवले.) या तोफेत दारूचा वायू बराचसा मागच्या बाजूने सुटतो. त्यामुळे धक्का बसत नाही आणि ती जीपवर मावते. पण मागे उडणारा ज्वाळेचा आणि धुळीचा लोट शत्रूला जागा दाखवून देतो. एक गोळा झाडला, की तात्काळ दुसरीकडे पळावयाचे, हाच तिचा नियम. हमीद उसाआडून असे पुन्हापुन्हा जागा बदलीत गेले. १० सप्टेंबरला एका रणगाड्याने त्यांना हेरले. परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळाले.

एका जीपवरची तोफ ४५ टनांचा रणगाडा कसा फोडते, हे समजून घेण्यात माझे बरेच दिवस गेले. सामान्य गोळा वेगाच्या जोरावर पोलाद भेदतो. त्यासाठी लांब नळीची, भारी तोफ हवी. हा गोळा तसा नाही. त्याच्या पोटात स्फोटक असते आणि स्फोटकाच्या पुढच्या बाजूस धातूच्या, बहुधा तांब्याच्या, पातळ पत्र्याचा पोकळ शंकू बसवलेला असतो. आपले नरसाळे आडवे धरावे तसा. गोळा आदळताच स्फोट होतो, शंकू स्वतःत मिटतो आणि त्यातून धातूची एक बारीक धार पुढे सुटते. तिच्या टोकाचा वेग सेकंदाला आठ किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक. ती पोलाद वितळवते, असे पुष्कळजण लिहितात. ते चुकीचे आहे. तिच्या दाबापुढे पोलाद मऊ चिखलासारखे बाजूला सरते, एवढेच. १०६ मिलिमीटरच्या गोळ्याने चारशे मिलिमीटरच्या आसपास पोलाद असे भेदले जाते. बाहेर दिसते ते फक्त बोटभर भोक. विनाश होतो तो आत, जेथे दारूगोळा, इंधन आणि माणसे एकाच खोलीत असतात.

बसंतरच्या लढाईत हेच घडले. तेथे पूना हॉर्स हा रिसाला होता. या रिसाल्याचे मूळ १८१७ च्या पुण्याच्या तहात आहे. पेशव्यांच्या खर्चाने इंग्रजांनी तो उभा केला, आणि पुढच्याच वर्षी दुसरे बाजीराव आमच्या या असीरगडच्या मुलखात माल्कमला शरण गेले. इतिहास कधीकधी फार कठोर विनोद करतो. १९६५ साली याच रिसाल्याचे लेफ्टनंट कर्नल तारापोर सियालकोट आघाडीवर जखमी होऊनही मागे हटले नाहीत आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. १६ डिसेंबर १९७१ रोजी पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल सुरुंगांचा पट्टा ओलांडून पॅटन रणगाड्यांना भिडला. त्याचा सेंच्युरियन पेटला. गाडी सोडण्याचा आदेश आला. तोफ अजून चालू आहे, म्हणून त्याने तो मानला नाही. दुसरा गोळा आत आला तेव्हा सारे संपले. ‘फामागुस्ता’ नावाचा तो रणगाडा आज नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाच्या केंद्रात जपून ठेवलेला आहे.

त्यानंतरच्या युक्त्या थोडक्यात सांगतो. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात सिनाईच्या वाळूत पायदळाच्या हातातल्या क्षेपणास्त्रांनी रणगाड्यांची दाणादाण उडवली आणि ‘रणगाडा संपला’ अशी हाकाटी झाली. मग पोलादाच्या थरांमध्ये चिनीमातीसारखे कठीण पदार्थ घालून मिश्र कवचे निघाली. आपल्या अर्जुन रणगाड्याचे ‘कांचन’ कवच त्याच जातीचे. हैदराबादच्या कांचनबागेतल्या प्रयोगशाळेवरून त्याला हे नाव मिळाले. दुसरी युक्ती त्याहून चमत्कारिक आहे. रणगाड्याच्या अंगावर स्फोटकाच्या डब्या लावावयाच्या. धार डबीला लागली, की डबीच फुटते, तिच्या दोन पत्र्या उडतात आणि धारेचे तुकडे करतात. पुण्याच्या प्रयोगशाळेने आपल्या रणगाड्यांसाठी असे कवच तयार केले आहे. त्यावर तोड म्हणून एकामागे एक दोन शंकू असलेली अस्त्रे आली. पहिला डबी फोडतो, दुसरा पोलाद. अर्जुनच्या तोफेतूनच सुटणारे असे एक क्षेपणास्त्र २२ सप्टेंबर २०२० रोजी नगरच्या मैदानावर तीन किलोमीटरवरच्या लक्ष्यावर नेमके बसले. तेही पुण्यातच घडलेले.

एवढी तयारी करून मी त्या बाईंकडे गेलो. समोरचे कवच फार भक्कम असते, आणि गाडीचे तोंड शत्रूकडे ठेवणे हे चालकाच्या, म्हणजे तुमच्याच मुलाच्या हाती असते, असे मोठ्या समाधानाने सांगितले. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आणि वरून?”

मी गप्प झालो. २०२२ पासून चाललेले युक्रेनचे युद्ध त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले होते. तेथे खांद्यावरून सोडलेली क्षेपणास्त्रे उंच चढून माथ्यावर उतरतात, आणि खेळण्याएवढी ड्रोने स्फोटके घेऊन थेट झाकणाच्या फटीवर येतात. तीन-चार टप्प्यांनी जाड केलेल्या कवचाला अशा वेळी काही अर्थ उरत नाही; घाव इंच-दीड इंचाच्या पत्र्यावर पडतो. तेथले सैनिक आता बुरुजावर लोखंडी जाळ्यांचे मांडव घालतात. त्याने काही वार चुकतात, सगळे नव्हे. रणगाडा संपला असे मला वाटत नाही, कारण उघड्या मैदानात पायदळाबरोबर तोफ घेऊन पुढे जाणारे दुसरे साधन अजून निघालेले नाही. पण हे उत्तर लेखात शोभते. त्या अंगणात मला ते देता आले नाही.

दिवाळीत मुलगा रजेवर आला, तेव्हा मला जेवावयास बोलावले होते. बाई चुलीपाशी भाकरी थापीत होत्या. मी त्याला हळूच विचारले, तुम्हांला तेथे आधी काय शिकवतात? तो हसून म्हणाला, “गाडी पेटली तर बाहेर कसे पडावयाचे ते. डोळे मिटून सुद्धा झाकण सापडले पाहिजे, सर.”

थापटण्याचा आवाज थांबला. “किती वेळ लागतो?” आईने आतून विचारले.

“काही सेकंद.”

“नेमके सांग.”

त्याने सांगितले. मग पुन्हा भाकरी थापण्याचा आवाज येऊ लागला.