तिच्या नांवाचे दीड हजार

चाकण म्हटलें कीं मागच्या पिढीस कांद्याचा बाजार आठवे. इतिहासाची आवड असणारांस फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शायिस्तेखानाविरुद्ध लढविलेला संग्रामदुर्ग आठवे. आज त्या नांवाबरोबर मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढें येतात. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, १९६० नंतरच्या काळांत टेल्को व बजाज आले, आणि पुढें कारखान्यांची ती रांग नाशिक रस्त्यानें सरकत सरकत खेड तालुक्याच्या शेतांत शिरली. शहरांतल्या वाचकांस हा मुलूख बहुधा रस्त्यावरच्या कोंडीमुळेंच परिचित असेल. परंतु कारखान्यांच्या कुंपणापलीकडे अजूनही कांदा व भाजीपाला पिकविणारीं घरें आहेत. २०२४ च्या पावसाळ्यापासून त्या घरांतल्या बायकांच्या नांवानें दरमहा जो पैसा येऊं लागला, त्यानें तेथें काय बदललें आणि काय तसेंच राहिलें, हें पाहण्यासारखें आहे.

बाहेरून येणारा पैसा ह्या गांवांस नवा नाहीं. मुंबईचे डबेवाले मुख्यतः खेड, मावळ, आंबेगांव व जुन्नर ह्याच तालुक्यांतले. १९८२ च्या संपानें गिरण्यांची वाताहत होईपर्यंत गिरणींतही ह्या भागांतले पुष्कळ लोक होते. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई, ती बहुधा घरांतल्या वडीलधाऱ्याच्या नांवानें. ज्याच्या मुलाबाळांसाठीं ती आलेली असे, त्याच्या बायकोला रकमेचा आंकडाही कित्येकदां ठाऊक नसे. आपल्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचक-भगिनींस ह्याचें नवल वाटावयास नको.

त्यानंतर आला तो जमिनीचा पैसा. औद्योगिक विकास महामंडळानें टप्प्याटप्प्यानें जमिनी संपादन केल्या. त्यांच्या कडेच्या जमिनी खासगी खरेदीदारांनीं घेतल्या. हा पैसा मोठा होता, आणि एकदांच आला. ज्याचें नांव सातबाऱ्यावर त्याच्या हातीं तो पडला. बंगले उठले, गाड्या आल्या, आणि 'गुंठामंत्री' असा एक नवा शब्द मराठींत रूढ झाला. कांहींनीं त्यांतून दुसरीकडे जमीन घेतली, चाळी बांधून कामगारांस भाड्यानें दिल्या आणि ते निभावले. कांहींचा पैसा पांच-सात वर्षांत कोठें गेला हें त्यांचें त्यांनाही सांगतां येत नाहीं. ह्या साऱ्या व्यवहारांत लेकींचें काय झालें? महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि सबंध देशांत २००५ सालीं कायद्यानें मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तथापि जमीन विकावयाची वेळ आली म्हणजे बहिणीस माहेरीं बोलवावयाचें, साडीचोळी करावयाची आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यावयाची, ही रीत कांहीं गेली नाहीं. माहेर तुटूं नये म्हणून ती बिचारी सही करते.

अशा मुलुखांत सरकारच भाऊ होऊन आलें, हा योगायोग मौजेचा आहे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' ही योजना २०२४ च्या जूनअखेरीस राज्याच्या अर्थसंकल्पांत जाहीर झाली आणि जुलैपासून लागू झाली. १७ ऑगस्टला पुण्याजवळ बालेवाडी येथें तिचा समारंभ झाला, आणि जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये राखीपौर्णिमेच्या तोंडावर खात्यांत जमा झाले. वय २१ ते ६५, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आंत, घरांत कोणी आयकर भरणारा नाहीं, आणि ट्रॅक्टरखेरीज चारचाकी वाहन नाहीं, ह्या मुख्य अटी. पैसा आधार क्रमांकाशीं जोडलेल्या खात्यांतच जातो. त्यामुळें पहिल्या दिवसांत एक गंमत झाली: बाई एका बँकेच्या दारांत उभी, आणि पैसा पूर्वीं कधीं तरी उघडून विसरलेल्या दुसऱ्याच खात्यांत! त्या निमित्तानें पुष्कळ बायकांस आपलें स्वतःचें खातें आहे, हें पहिल्यानें कळलें.

आतां हिशोबच मांडून पाहूं. समजा, चाकणच्या पूर्वेस दोन एकर जमिनीचें एक घर आहे. सासरा, साठीची सासू, कंत्राटदारामार्फत कारखान्यांत जाणारा मुलगा, सून आणि दोन नातवंडें. जमीन सासऱ्याच्या नांवावर; म्हणून केंद्र सरकारच्या किसान सन्मान निधीचे सहा हजार (ही योजना २०१९ पासूनची) आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार (ही २०२३ पासूनची) असे वर्षाला बारा हजार त्याच्या खात्यांत येतात आणि बहुतेक खताच्या दुकानांत जातात. सासू व सून दोघींस दीड-दीड हजार मिळाले, तर वर्षाचे छत्तीस हजार होतात, म्हणजे शेतकरी म्हणून घराला जें मिळतें त्याच्या तिप्पट. कांद्याचा भाव दिल्लीच्या हुकुमावर. डिसेंबर २०२३ मध्यें निर्यातबंदी झाली ती मे २०२४ पर्यंत उठली नाहीं. मुलाची नोकरी कंत्राटदाराच्या मर्जीवर. अशा घरांत, हप्ता कधीं महिनाभर लांबला तरी, येणार हें ठाऊक असलेली ही एक रक्कम.

दीड हजारांत संसार चालत नाहीं, हें कोणीही सांगेल. गॅसची टाकी, मुलाचा एसटीचा पास, किराण्याच्या उधारीचा एक लचका आणि बचत गटाचा हप्ता एवढ्यांत ते संपतात. फरक पडतो तो मागण्यांत. पोर तापानें फणफणलें असतां 'संध्याकाळीं हे आले म्हणजे बघूं' असें म्हणणारी सून दुपारींच दवाखान्याची वाट धरूं शकते. माहेरीं जातांना भाचराच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवावयाचे, तर सासूकडे पदर पसरावा लागत नाहीं. आपल्या घरांतून डाळीच्या डब्यांत किंवा देवघराच्या फडताळांत पैसे लपवून ठेवणाऱ्या आज्या-मावश्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना ह्याचें मोल अधिक सांगावयास नको.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हें मोल कळलें होतें. मनु व याज्ञवल्क्य ह्या दोघांनींही स्त्रीधनाच्या गणनेंत भावानें दिलेलें धन घातलें आहे. महाराष्ट्रांत जिचा अधिकार चाले, त्या मिताक्षरेनें स्त्रीधनाची व्याप्ति आणखी वाढविली. नवऱ्यानें त्याला हात लावावयाचा तो दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा कैद अशा प्रसंगींच, असें याज्ञवल्क्य सांगतो. दारूचा त्यांत समावेश नाहीं, आणि नव्या मोबाइलचाही नाहीं!

'फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो,' हा आक्षेप आपल्या बैठकींत हटकून निघतो. गंमत अशी कीं महागाई भत्ता वाढला तर आपल्यापैकीं कोणी आळशी होईल, अशी भीति त्याच बैठकींत कोणास वाटत नाहीं. ह्या प्रश्नाची पाहणी मध्य प्रदेशांत होऊन गेली आहे. २०११ नंतर 'सेवा' ह्या संस्थेनें युनिसेफच्या साहाय्यानें इंदूरकडील आठ गांवांत प्रत्येक प्रौढास महिना दोनशें व प्रत्येक मुलास शंभर रुपये विनाअट दिले. पुढें ते तीनशें व दीडशें केले. मुलांचे पैसे आईच्या हातीं जात. दारूचा खर्च वाढल्याचें दिसलें नाहीं. लहान मुलींचीं वजनें सुधारलीं, कर्ज कमी झालें, आणि लोकांनीं शेळ्या-कोंबड्या घेतल्या.

ह्याहून वजनदार आक्षेप तिजोरीचा आहे, आणि तो मला खरा वाटतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पांत ह्या एका योजनेसाठीं ३६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. २०२४ च्या नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक होती. त्या आधीं ऑक्टोबर व नोव्हेंबरचे हप्ते आगाऊ देण्यांत आले, आणि रक्कम २१०० करूं असें वचनही देण्यांत आलें. निवडणूक संपल्यावर छाननी सुरू झाली. सुमारें २६ लाख लाभार्थ्यांचे पैसे जून २०२५ पासून थांबविण्यांत आले. त्यांत अपात्र माणसें होतीं ह्यांत शंका नाहीं. पुरुषांनींही पैसे घेतल्याचें उघडकीस आलें. परंतु भाजी मोशीच्या बाजारांत नेण्यासाठीं कर्ज काढून चारचाकी टेम्पो घेणाऱ्याचें घरही नियमाच्या अक्षरांत 'वाहनधारक' ठरतें, आणि ट्रॅक्टरवाला सुटतो. कारखान्यांत रोज शेकडों मोटारी जोडणाऱ्या मुलाच्या आईला हा भेद कोण समजावून सांगणार?

छाननीची दुसरी पायरी त्याहून अवघड निघाली. सप्टेंबर २०२५ मध्यें ई-केवायसीचा हुकूम निघाला. त्यांत बाईच्या आधार क्रमांकाबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही द्यावयाचा, आणि त्याच्या मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक भरावयाचा. हेतु कुटुंबाचें उत्पन्न तपासण्याचा. विधवांची अडचण लौकरच लक्षांत आली. मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सवलत मिळाली, आणि मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. परंतु नवऱ्यानें टाकलेल्या आणि कोर्टाची पायरी न चढलेल्या बाईजवळ दाखविण्याजोगा कागदच नसतो. योजनेच्या मूळ नियमांत परित्यक्तांचा उल्लेख स्पष्ट आहे. आणि तो सांकेतिक अंक जातो कोठें? वडील हयात नसतील, तर ज्यानें तिला टाकलें आणि जो दुसऱ्या गांवीं दुसरा संसार मांडून बसला आहे, त्याच्या मोबाइलवर. तिनें त्याला फोन करावयाचा, आणि त्याच्या मनांत आलें तर त्यानें तो अंक सांगावयाचा.