सिस्टर, एक विचारू?

बॉसचा मूड ऑफ असला की तुमच्या ऑफिसात काय होतं? प्रेझेंटेशन पुन्हा करावं लागतं, टपरीवर चहा पिताना त्याच्या नावानं बोटं मोडली जातात आणि वीकएंडपर्यंत सगळं विसरायला होतं. आमच्या ऑफिसात मात्र बॉसच्या मूडची झळ थेट पेशंटच्या बेडपर्यंत पोचते. आमचं ऑफिस म्हणजे वॉर्ड आणि बॉस म्हणजे इन्चार्ज सिस्टर. सरकारी भाषेत त्या परिसेविका, मी अधिपरिचारिका. रोजच्या बोलण्यात सगळ्याच 'सिस्टर'!

सहा वर्षांत मी दोन टोकांच्या इन्चार्ज पाहिल्या. पहिल्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "एवढंही येत नाही? कॉलेजात चार वर्षं काय केलंत?" तेही नातेवाइकांसमोर. महिन्याभरात आम्ही नव्या मुली शंका आली की एकमेकींनाच कोपऱ्यात गाठायला लागलो. म्हणजे जिला येत नाही तिनं न येणारीलाच विचारायचं! फर्स्ट क्लासमध्ये पास झालेली माझी मैत्रीण साधा सलाइनचा वेग काढतानाही तीन-तीनदा कॅल्क्युलेटर दाबायची. वर्षभरात तिनं नोकरी सोडली.

दुसऱ्या इन्चार्जचं पेटंट वाक्य होतं, "बरं झालं विचारलंस. चल, दोघी मिळून बघू." कामात सूट अजिबात नाही हं! चुकलं तर ऐकवायच्या, पण ड्युटी रूममध्ये, दार लावून. त्यांच्या हाताखाली आमचा आवाजच बदलला. डॉक्टरांना फोन करताना आम्ही चाचरेनाशा झालो.

प्रश्न छोटा, डोस मोठा

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० आणि १०० युनिट, अशा दोन्ही प्रकारचं इन्सुलिन मिळतं. सिरिंजही वेगवेगळ्या. ४० साठी लाल टोपीची, १०० साठी केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं, तर डोस जातो अडीचपट! पेशंटची साखर धोकादायक खाली येऊ शकते. म्हणूनच असं औषध दोघींनी तपासून द्यायची पद्धत आहे. पण रात्री ३ वाजता "सिस्टर, एकदा बघता का?" म्हणायला धीर लागतो. दिवसा सगळ्यांसमोर पाणउतारा झालेल्या मुलीनं तो आणायचा कुठून?

हार्वर्डचा उलटा निकाल

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांवर केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील, असा त्यांचा अंदाज होता. निघालं उलटंच. जिथे नर्सिंग मॅनेजर चांगल्या, तिथेच चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथल्या नर्स चुका मोकळेपणानं सांगत होत्या. बाकी ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. आणि जी चूक कुणाला कळतच नाही, ती सुधारणार कोण?

इन्चार्जची बाजूही आहेच. ड्युटी लावा, स्टॉक मोजा, डॉक्टरांचं ऐका, मेट्रनचं ऐका, नातेवाइकांचं तर ऐकाच. वरून आलेला राग खाली उतरतो, हे काही फक्त हॉस्पिटलातच घडत नाही.

तुमच्याही हाताखाली कुणी आहे?

* कौतुक चारचौघांत, कानउघाडणी एकांतात.
* "तू निष्काळजी आहेस" ऐवजी "या चार्टवर वेळ लिहायची राहिलीय" म्हणा. बोलणं कामाबद्दल असू द्या.
* "काही शंका?" विचारलंत तर क्षणभर थांबा. मोबाइल बघत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येत नाही.
* कुणी स्वतःहून चूक सांगितली, तर आधी "सांगितलंस ते बरं केलंस", मग बाकीचं.

तुमची ज्युनिअर हल्ली काहीच विचारत नाही? तिला सगळं यायला लागलं, असं समजून निश्चिंत होऊ नका. उद्या तिच्या टेबलापाशी जाऊन एकदा तुम्हीच विचारा, "कुठे अडलंय का गं?"