कोणत्या गुरुजींचं ऐकायचं?

मंडळी, वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत ही अडचण येते. घर अकोल्याला, कॉलेज अमरावतीला. म्हणजे गाण्याचे गुरू दोन. इथले म्हणतात, ‘सा’वर स्थिर थांब. तिथले म्हणतात, ‘सा’ टाळ. पोरगं विचारतं, ‘‘आता कोनाचं आयकू?’’

आपण आधी बघू, सांगितलं कशासाठी? पहिली सूचना सकाळच्या स्वराभ्यासाची. दुसरी मारव्याची. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत यांचं राज्य, पंचम वर्ज्य. षड्जावर रेंगाळलं की रागाची हुरहूर ओसरते. दोन्ही खरं, जागा वेगळ्या.

पण सगळंच असं जुळत नाही, बरं का. एक म्हणतात आवाज खुला सोड, दुसरे म्हणतात हळू लाव. तेव्हा दोन्हींची खिचडी करू नये. काही महिने एकच पद्धत धरावी, दुसऱ्या गुरुजींना तसं नम्रपणे सांगावं. घसा दुखला तर मात्र थांबून विचारावं.

वसंतराव देशपांडे याच दोन शहरांमधल्या मूर्तिजापूरचे, जन्म १९२०. नागपुरात शंकरराव सप्रे, लाहोरात असद अली खाँ, पुढे किराण्याचे सुरेशबाबू माने आणि भेंडीबाजारचे अमान अली खाँ, असे त्यांचे गुरू. एवढ्यांकडून घेतलं, तरी गाणं कुणाची नक्कल झालं नाही.

गुरू अनेक असोत. कुठलं कुठे वापरायचं, हे शेवटी आपल्यालाच ठरवावं लागतं.