बारा इंच

२८ मे २०२४ या दिवशी झाशीत पारा ४९ अंशांवर गेला. मे महिन्यात इथे दुपारचे रस्ते ओस पडतात, लू सुटते आणि पश्चिमेच्या खोलीतली भिंत हाताला चटका देते. अशा गावात पडदा ही निव्वळ हौसेची वस्तू राहत नाही. पूर्वी इथल्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावत. त्यांच्यावर पाणी मारलं की बाहेरचा भाजका वारा गार आणि सुवासिक होऊन घरात शिरे. पुढे कूलर आले, ताट्या दिसेनाशा झाल्या, आणि खिडकीवर उरला तो कापडाचा पडदा.

तरी पडदे शिवणाऱ्या एका कारखान्याकडे पाय वळले ते उन्हामुळे नव्हे, एका दुमडीमुळे. झाशीत आजही थोडी मराठी घरं आहेत. नेवाळकरांच्या राज्यात कोकणातून, देशावरून आलेल्या माणसांचा तो वारसा. १८४२ साली गंगाधरराव नेवाळकर आणि मणिकर्णिका, म्हणजे पुढची राणी लक्ष्मीबाई, यांचं लग्न ज्या गणेश मंदिरात लागलं, ते या घरांचं आजही हक्काचं ठिकाण. अशाच एका घरात चहा घेताना खिडकीचा पडदा वाऱ्याने उलटला आणि त्याची खालची दुमड दिसली. चांगली चार बोटांहून जास्त रुंद, आत पुन्हा एकदा घडी घातलेली, आणि यंत्राची टीप न मारता हाताने टाचलेली. बाहेरून टाक्याचा मागमूस नाही. इतकं कापड कुणाला न दिसणाऱ्या जागी का कोंबलं असेल? घरच्या आजींनी सहज सांगितलं, “मास्टरजी ठेवतात तेवढं. नेहमीच.”

मास्टरजी म्हणजे कटिंग मास्टर. कारखाना म्हणजे एका जुन्या घराचा तळमजला. मालकीणबाईंनी दारावर ‘फर्निशिंग’ असं लिहून घेतलंय, पण कारागीर त्याला कारखानाच म्हणतात. मोटर लावलेली दोन यंत्रं, एक ओव्हरलॉक, कोपऱ्यात पायाने चालवायचं जुनं यंत्र, आणि मधोमध खोली अडवून बसलेलं लांबरुंद टेबल. त्यावर घोंगडी, घोंगडीवर सुती चादर ताणून बांधलेली. कापड सरकू नये म्हणून ही सोय. आत शिरताच नाकात भरतो तो इस्त्रीखाली तापलेल्या बकरमचा, म्हणजे कडक अस्तरपट्टीचा, वास. खळीचा, थोडा भाताच्या पेजेसारखा, थोडा करपल्यासारखा. दुसऱ्या दिवशी परत गेलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच तो ओळखू आला.

मास्टरजी कामाच्या वेळी बसत नाहीत. वय सत्तरीच्या आसपास असावं. गळ्यात टेप, कानावर खडू, हातात अशी जड कात्री की नवख्याचं मनगट दुखेल. कुठल्याही मापावर ते एकच वाक्य बोलतात: “बारह इंच अलग से.” दाराची उंची सात फूट, म्हणजे ८४ इंच. त्यात बारा इंच. ९६ झाले. मीटरने कापड घ्यायचं तर अडीच मीटर. खिडकी पाच फुटी असो की गच्चीचं दार नऊ फुटी, बारा इंच ठरलेले. दोन दिवसांत हे बारा इंच इतक्यांदा कानावर पडले की शेवटी यंत्रावरच्या मुलीच त्यांच्याआधी म्हणू लागल्या.

त्या बारा इंचांचा हिशोब त्यांनी टेबलावर खडूने काढून दाखवला. वर साडेचार इंच जातात बकरमच्या पट्टीभोवती. ही पट्टी नसेल तर दांडीसाठी बसवलेल्या कड्यांच्या मधलं कापड मान टाकतं. खाली सहा इंच, तीन अधिक तीन अशी दुहेरी घडी. उरले दीड इंच. ते धुण्यात आटणाऱ्या कापडाचे आणि दुकानदाराने तिरक्या फाडलेल्या टोकाचे. पडदा टांगल्यावर या बारा इंचांतलं काहीच वेगळं म्हणून दिसत नाही. पण खालच्या घडीच्या वजनावरच पडदा सरळ पडतो, वाऱ्याने फडफडत नाही, त्याच्या चुण्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत राहतात.

रुंदीचं गणित याहून सोपं. पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ४८ इंच. दोन्ही कडा दुमडल्यावर उरतात ४५. असा एक पन्हा म्हणजे एक पाट. खिडकीच्या दर वीस इंचांना एक पाट धरायचा. पाच फुटी खिडकीला तीन. म्हणजे साठ इंच झाकायला १३५ इंच कापड, दुपटीहून थोडं जास्त. गिऱ्हाईक इथेच घासाघीस करतं. दोन पाटांत भागवा म्हणतं. भागतंही, पण मग ओढून घेतल्यावर पडदा चादरीसारखा सपाट दिसतो, आणि उन्हाला अडवणाऱ्या घड्याच उरत नाहीत. मालकीणबाई अशा वेळी वाद घालत नाहीत. कापडाचा तागा खिडकीवर धरून दाखवतात, एकदा सपाट, एकदा चुण्या घालून. बहुतेक जण तीनवर येतात.

एका पाटाला कड्या आठ. कारखान्यात शिकायला आलेल्या एका मुलीने त्या सकाळी सात खुणा केल्या होत्या. मास्टरजींनी खुणा पुसल्या, रागावले मात्र नाहीत. कडीतून दांडी एकदा पुढून मागे जाते, एकदा मागून पुढे. कड्यांची संख्या सम असली तर पाटाची दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. विषम झाली की एक टोक खोलीकडे तोंड करून उभं राहतं आणि कितीही इस्त्री केली तरी तसंच राहतं. दोन्ही कडांपासून दीड इंच सोडून सहा-सहा इंचांवर खुणा केल्या की ४५ इंचांत आठ कड्या बरोबर बसतात. मग प्रत्येक खुणेवर कात्रीने भोक. शिवण उसवता येते, भोक बुजवता येत नाही. त्या मुलीने पहिलं भोक पाडलं तेव्हा यंत्रं थांबली होती. नंतर कडीचे दोन भाग एकमेकांवर दाबल्याचा ‘टच्’ असा आवाज झाला आणि यंत्रं पुन्हा सुरू झाली.

कापड येतं ते जास्त करून पानिपत आणि सुरतेकडून. त्यात आता पॉलिएस्टर फार. आलेल्या प्रत्येक ताग्याचा एक धागा मास्टरजी काडीवर धरतात. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत विरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं, टोकाला काळा कडक मणी बनतो. पॉलिएस्टर ते नाकारत नाहीत. ते आटत नाही, उन्हात सुतापेक्षा जास्त टिकतं. पण गॅसच्या ओट्याजवळच्या खिडकीला लावायला सांगितलं तर देत नाहीत. ही नुसती म्हाताऱ्या माणसाची खोड नाही. २८ डिसेंबर २०१३ च्या पहाटे बंगळुरू–नांदेड एक्स्प्रेसच्या एसी डब्याला आंध्रात आग लागून २६ माणसं गेली. त्यानंतर रेल्वेने थ्री-टियर एसी डब्यांतल्या वाटेवरचे पडदे काढून टाकले. झाशी हे रेल्वेचं गाव. मोठं जंक्शन, मालडबे दुरुस्त करणारी जुनी वर्कशॉप, क्वार्टर्सच्या रांगा. इथे त्या निर्णयाची आठवण लोकांना अजून आहे.

फुलांच्या मोठ्या नक्षीचं कापड आलं की हिशोब बदलतो. नक्षी दर पंचवीस इंचांनी पुन्हा येत असेल तर ९६ इंचांवर कापून चालत नाही. शंभरावर कापावं लागतं, नाहीतर शेजारच्या दोन पाटांवरची फुलं वरखाली होतात. मखमलीला लव असते. सगळ्या पाटांची लव एकाच दिशेने, शक्यतो खाली. एक पाट जरी उलटा लागला तरी एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं. मखमल कापण्याआधी मास्टरजी डोळे मिटून तळहात फिरवतात.

माप घ्यायला ते स्वतः जातात, सायकलवर. शहराच्या जुन्या भागातल्या घरांत फरशी सरळ नसते, चौकट तर नसतेच. म्हणून उंची तीन ठिकाणी मोजायची: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. सगळ्यांत कमी भरेल ती धरायची आणि त्यातून अर्धा इंच वजा करायचा. नाहीतर रोज फरशी पुसताना पडद्याची कड ओली होते आणि बुंदेलखंडाची तांबूस धूळ तिला कायमची चिकटते. पश्चिमेच्या खिडकीला ते दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना चार-सहा इंच जास्त लांब घ्यायला लावतात आणि वर पेलमेट बसवायला सांगतात. पडदा आतल्या बाजूला असतो, ऊन काचेतून आधीच आत शिरलेलं असतं. काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापून वरच्या फटीतून खोलीत शिरते. ती फट बंद केली तर फरक पडतो. नुसतं ‘ब्लॅकआउट’ लिहिलेलं कापड घेतलं की खोली गार होईल असं दुकानात सांगतात, ते अर्धंच खरं. अंधार होतो, गारवा होतोच असं नाही. ताटी बाहेर लागायची आणि ओली असायची. तिचं काम वेगळं होतं.

दुपारी तीन बाया हातशिलाईला येतात. त्यातल्या दोघी इतर वेळी घरी कापडी खेळणी शिवतात. उत्तर प्रदेश सरकारच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत झाशीच्या वाट्याला हीच खेळणी आली आहेत. उशांमध्ये भरतात तोच पांढरा तंतू अस्वलांच्या पोटात जातो. पडद्यांचं काम त्यांना आवडतं, कारण डोळे आणि नाक बसवावं लागत नाही, हात एका लयीत चालतो. भिंतीला टेकून, पाट मांडीवर घेऊन, त्या खालची सहा इंचांची घडी टाचत जातात. सुईवर पुढच्या कापडाचा एकच धागा उचलायचा, दोन नाही. एका पाटाला यंत्रावर दोन मिनिटं लागतात ते काम हाताने अर्धा तास घेतं.

आणि नेमकं हेच काम कमी होत चाललंय. फोनवरून मागवलेला तयार पडदा दोन दिवसांत दारात येतो. पाच, सात, नऊ फूट, अशी ठरावीक मापं. खाली इंचभर दुमड, यंत्राची टीप, आत कापड नाही. किंमत इतकी कमी की त्या पैशात मास्टरजींचं कापडसुद्धा येत नाही. घेणाऱ्याला दोष देता येणार नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने हाताने टाचलेली दुमड मागावी हा हट्ट कशासाठी? पण ज्यांना परवडतं त्यांनीही ती मागणं सोडलंय, आणि सोडताना आपण काय सोडतोय हे पाहिलेलं नाही. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा कारागिरीत शिंप्याचं नाव आहे, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. चांगली गोष्ट आहे. फक्त मास्टरजींकडे कात्री आहे, यंत्रं आहेत. कमी पडतात ती गिऱ्हाइकं.

अजून येतात ती मुख्यतः बदलीची माणसं: रेल्वेतली, छावणीतली, बबीन्याच्या फौजी वस्तीतली. बारा इंचांचा दुसरा अर्थ तिथेच कळला. या भेटीच्या शेवटच्या संध्याकाळी एक बाई मोठी पिशवी घेऊन आल्या. आत निळे पडदे, याच टेबलावर शिवलेले, मधल्या काळात दोन गावं हिंडून परत झाशीला आलेले. नव्या क्वार्टरची खिडकी जुन्यापेक्षा चार इंच उंच. तयार पडदा असता तर चिंध्याच. मास्टरजींनी ब्लेडच्या टोकाने खालची हातशिलाई उसवली, घडी उलगडली, आणि फिकट निळ्याखाली गडद निळा पट्टा उघडा पडला. कापड विकत घेतलं त्या दिवसाचा रंग, उन्हाचा स्पर्श न झालेला.

बाई हिरमुसल्या. असा दोन रंगांचा पडदा लावायचा कसा?

मास्टरजींनी वाद घातला नाही. कापड सगळ्या बाजूंनी सारखंच होतं, उलटसुलट नक्षी नव्हती. त्यांनी पाट उचलून टेबलावर टोकं बदलून टाकला, खालची बाजू वर. गडद पट्ट्याचा थोडा भाग बकरमभोवती जाणार होता, उरलेला पेलमेटच्या आड. या पडद्यांना कड्यांची भोकं नव्हती, वर नुसता दांडीचा नेफा होता. तो उसवला की तेवढी लांबी आता हातात होती. खाली दुमड या वेळी दीडच इंचाची बसणार होती. “इस बार इतना ही बचा है,” ते म्हणाले, कानावरचा खडू घेतला आणि गडद निळ्यावर आठ खुणा करायला लागले. इस्त्री तापत ठेवली होती. बकरमचा तो वास पुन्हा खोलीत पसरला.