तुतारी आणि पिपाणी

लोकशाहीत राजा कोण, असे विचारले तर शाळेतले पोरही 'मतदार' म्हणून उत्तर देईल. परंतु या राजाचा कौल कधी कधी अशा किरकोळ गोष्टीपाशी अडखळतो की, ऐकणाऱ्याला आधी हसू येते आणि मग काळजी वाटते. अशीच एक हकीकत आपल्या कोरेगावच्या अंगणातली आहे.

प्रथम निवडणुकीत चित्रे आली कशी, ते पाहू. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा देशातील शंभरांपैकी सुमारे १८ माणसांनाच लिहितावाचता येत होते. अक्षर येत नाही म्हणून मत नाकारायचे, हे आपल्या राज्यघटनेला मंजूर नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवले. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावी, की झाले. पाठीवर पोती वाहणारा हमाल आणि अडतीवर बसणारा शेठ, दोघांचे मत एकाच तोलाचे ठरले ते या चित्राच्या आधाराने. चिन्हाला आम्ही मान देतो तो याकरिता.

पुढे १९६८ साली निवडणूक आयोगाने चिन्हांविषयी स्वतंत्र आदेश काढला. मान्यताप्राप्त पक्षांना राखीव चिन्हे आणि इतरांना मोकळी चिन्हे, अशी त्यात वाटणी आहे. वाटणी रास्तच आहे. गंमत पुढे होते.

२०२४ च्या फेब्रुवारीत शरद पवार यांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळाले. मोकळ्या चिन्हांत एक विलायती वाद्य होते, ज्याला आपण पिपाणी म्हणू. त्याचे मराठी नाव मात्र यादीत नुसते 'तुतारी' असे छापलेले! सातारा लोकसभा मतदारसंघात या पक्षाचे उमेदवार होते शशिकांत शिंदे, कोरेगावचे माजी आमदार आणि माथाडींचे पुढारी. भाजपचे उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी विजयी झाले. आणि पिपाणीवाल्या अपक्षाला मते पडली ३७,०६२.

येथे घाई करू नये. ही सारी मते चुकूनच पडली, असे आकडे सिद्ध करीत नाहीत. अपक्षालाही कोणी समजूनउमजून मत देतो. परंतु फरकापेक्षा मोठा आकडा शंकेला जागा ठेवतो, आणि ती शंका ना जिंकणाऱ्याच्या हिताची, ना हरणाऱ्याच्या.

हे दुखणे एकाच पक्षाचे किंवा एकाच जिल्ह्याचे नाही. २०१४ साली रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला ९,८४९ मते मिळाली होती. २०१५ पासून उमेदवाराचे छायाचित्र मतयंत्रावर आले. नामसाधर्म्यावर तो तोडगा झाला. पण साताऱ्यात छायाचित्रे असूनही चिन्हाचा घोटाळा राहिलाच. आईबापांनी ठेवलेल्या नावावरून कोणाला निवडणुकीतून बाद करता येत नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने असे नामसदृश उमेदवार रोखण्याची याचिका ऐकण्यास नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क सर्वांचा. त्याला कात्री लावली तर उद्या ती गरिबाच्याच हक्कावर चालेल.

मग उपाय कोणता? पहिला आयोगाच्या हाती आहे: दोन चिन्हांना एक नाव देऊ नये. दुसरा आपल्या हाती आहे. प्रचारात आपण 'तुतारीला मत द्या' म्हणून ओरडतो. 'तुतारी वाजवणारा माणूस पाहा, त्याचा क्रमांक अमुक' असे सांगत नाही. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात क्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती वाचायला वेळ लागला तरी मागच्या रांगेने कुरकुर करू नये.

वस्तीवरच्या म्हाताऱ्या आजीला कोणाला मत द्यावे, हे आपण सांगू नये. पण यंत्रावर क्रमांक, नाव, चेहरा आणि चिन्ह कोठे असते, एवढे तिला मतदानापूर्वी कागदावर काढून जरूर दाखवावे. त्याला पाच मिनिटे लागतात.