दुधाच्या कॅनमधली वस्ती

दुधाची कॅन रिकामी झाली की गळ्याच्या आतून एकदा बोट फिरवून पाहा. वरून लखलखीत दिसणाऱ्या कॅनमध्येही कधी कधी तिथे बोट निसटते. हा नुसता दुधाचा चिकटा नव्हे, ती जीवाणूंची वस्ती असू शकते. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात. आपण जैवपटल म्हणू.

दुधात तरंगणारा एकटा जीवाणू तसा दुबळाच. पण पत्र्याच्या ओरखड्यात किंवा झाकणाच्या रबराखाली तो एकदा चिकटला, की स्वतःभोवती डिंकासारखा लेप तयार करतो. त्या आधाराने इतरही येऊन बसतात. वरून टाकलेल्या औषधाचा जोर लेपातच सरतो. तळाचे जीवाणू सुखरूप राहतात.

या वस्तीत बोलणेही चालते, बरे का! प्रत्येक जीवाणू एक रसायन सोडत असतो. गर्दी वाढली की ते रसायन साचते आणि ‘कोरम पूर्ण झाला’ असा निरोप सर्वांना मिळतो. ग्रामसभेत कोरम झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसेच हे. १९७० मध्ये हेस्टिंग्ज, नीलसन या अमेरिकी संशोधकांना समुद्रातल्या चमकणाऱ्या जीवाणूंमध्ये ही रीत आढळली. दुधात येणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस अशाच इशाऱ्यावर आपली काही विषे बनवतो, आणि थरातून सुटून ताज्या दुधात उतरतो.

खरा धोका पुढे आहे. हा जीवाणू सडाला सूज आलेल्या जनावराकडून किंवा धार काढणाऱ्याच्या हाताच्या जखमेतून येतो. मे महिन्यात आपल्या यवतमाळ, दारव्हा, पुसदकडे पारा चाळिशीपार असतो. दूध तसेच उघड्यावर राहिले की मिलिलिटरमागे त्यांची संख्या लाखावर जायला वेळ लागत नाही. मग विष तयार होते. उकळल्याने जीवाणू मरतात, विष मात्र उरते. काही तासांत उलट्या सुरू होतात आणि घरचे म्हणतात, दूध तर उकळले होते!

लवंग, दालचिनी, हळद यांतल्या काही घटकांनी जीवाणूंचे हे बोलणे दबते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मारण्यापेक्षा मुके करणे, ही कल्पना मोठी आकर्षक आहे. म्हणून हळदीच्या पाण्याने कॅन विसळून कोणी निश्चिंत होऊ नये. तूर्त भरवसा ब्रशवरच.

रिकामी कॅन लगेच साध्या पाण्याने विसळावी. आधीच कढत पाणी ओतले तर दुधातली प्रथिने पत्र्याला घट्ट बसतात. मग गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि लांब दांड्याचा ब्रश. अॅल्युमिनियमची कॅन असेल तर सोडा बेतानेच; त्याने धातूला बारीक खड्डे पडतात आणि जीवाणूंना आयतीच घरे मिळतात. ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी घासून झाल्यावर, शेवटी. मळक्या कॅनमध्ये ते वायाच जाते. नंतर स्वच्छ पाण्याने विसळून कॅन उन्हात उपडी ठेवावी, आतून कोरडी होईपर्यंत. झाकणाचे रबर काढून वेगळे घासावे, भेगाळले असेल तर बदलावे.